आपल्या हातानं

विमलने वाटी घ्यायला हात पुढे केला आणि प्रभावतीने ती डाव्या हाताने मागे ओढली, तेव्हा वाटीतला मऊ भात सतरंजीवर सांडला. प्रभावतीच्या मांडीवरचं बाळ रडता रडता थांबलं आणि दोघींकडे पाहू लागलं. विमलने सांडलेला भात गोळा केला, फडक्याने सतरंजी पुसली आणि ती पुन्हा आपल्या जागी, दाराजवळ जाऊन बसली... सव्वीस वर्षं एकाच घरात एकच अपमान गिळत राहिलं की त्याला चवही उरत नाही, तशी ती शांत होती.

प्रभावती तिची वहिनी, थोरल्या भावाची, पंजाबरावांची बायको. दिवाळीनंतर ती न्हाणीत घसरून पडली आणि उजवा हात मनगटाजवळ मोडला. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर आलं, आणि त्या प्लास्टरबरोबर घराची सगळी घडी विस्कटली.

बाभुळगावपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात २००६ सालचा कापूस घराघरांत भरून पडला होता. खरेदी केंद्र कधी उघडणार ते कोणी सांगत नव्हतं, आणि पेपरात रोज आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी येत होती. पंजाबरावांच्या पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता, म्हणून माणसं ओसरीवर सरकली होती. मुलगा अश्वजित शेतीचा नाद सोडून बुटीबोरीला कारखान्यात लागला होता. त्याची बायको रुपाली, नेरकडची, सकाळी भाकर बांधून वेचणीला जायची ती दिवस मावळता परतायची. मागे उरायचं त्यांचं सात महिन्यांचं बाळ, धम्मरत्न. त्याला आजवर आजीच सांभाळत होती. आता आजीचा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून वेचणी सोडून विमलला घरी थांबावं लागलं.

बाळाला उचलायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं, खेळवायचं... सगळं विमलने करायचं. फक्त त्याच्या तोंडात काही घालायचं नाही. हा या घरातला जुना नियम होता. रुपाली लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच महिन्यात तिला सांगून ठेवलं होतं, "विमलच्या हातून लेकराच्या तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. माहा पहिला गेला तिच्या हातून."

गावाला माहीत होतं ते एवढंच. विमल सतरा वर्षांची असताना तिने भावाच्या आठ महिन्यांच्या मुलाला, सुमेधला, सुक्या खोबऱ्याचा तुकडा दिला. तो त्याच्या घशात अडकला आणि मूल गेलं.

विमलला जे माहीत होतं ते वेगळं होतं. त्या सकाळी ती पाणी घेऊन विहिरीवरून येत होती आणि वेचणीच्या घाईत निघालेली वहिनी तिला गल्लीच्या टोकाला पाठमोरी दिसली होती. घरात पाऊल टाकलं तर मूल खाटेवर निळं पडलेलं. आवाज नाही. खोबऱ्याचा डबा उघडा. विमलने घागर टाकली आणि मुलाच्या तोंडात बोट घातलं. बोटाच्या टोकाला काहीतरी टणक लागलं... आणि निसटून आत गेलं. शेजारची म्हातारी धावत आली, तिने मुलाला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तुकडा बाहेर पडला. पण तेव्हा उशीर झाला होता. म्हातारीने तो तुकडा विमलच्या तळहातावर ठेवला. जमलेल्या सगळ्यांनी तो पाहिला.

शेतातून धावत आलेली प्रभावती दारातच खाली बसली. ती फक्त विचारत राहिली, "काय खाल्लं त्यानं? कोणं देलं?" तिचे डोळे जीव द्यायला विहिरीकडे लागल्यासारखे दिसत होते. वीस वर्षांची बाई, पहिलंच मूल. विमलने त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "मी देलं."

एवढ्या दोन शब्दांनी तिच्या आयुष्याची वाट ठरून गेली. मारेगावचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. दुसरं आलं नाही. आई जिवंत होती तोवर लेकीशी कामापुरतं बोलत राहिली. दोन वर्षांनी अश्वजित झाला. विमलने त्याला खांद्यावर घेऊन वाढवला, तापात त्याच्या उशाशी बसली, शाळेत सोडायला गेली, पण त्याला एक घास कधी भरवला नाही. मनात कितीदा आलं की सगळं सांगून टाकावं. पण दर वेळी तिला आपलं बोट आठवायचं. तुकडा वहिनीचा होता. बोट आपलं होतं. लेकरू नेमकं कशानं गेलं, हे तिला कधीच कळलं नव्हतं... आणि ज्याचं उत्तर स्वतःलाच ठाऊक नाही ते दुसऱ्याला काय सांगायचं?

प्रभावती डाव्या हाताने भरवायची. बाळाला मांडीवर आडवं घ्यायची, चमचा ओठांवर दाबायची. चमचा कधी नाकाला लागायचा, कधी हिरडीला. चार दिवसांत धम्मरत्न चमचा दिसताच तोंड घट्ट मिटू लागला, मान फिरवू लागला. संध्याकाळी रुपाली आली की तो तिच्या अंगावर प्यायला लागायचा आणि झोपेपर्यंत सोडायचा नाही. अंगणवाडीत वजन झालं. दीपा मॅडमनी कार्डावरची रेघ दाखवली; ती खाली वळली होती.

"याले उपाशी ठेवता का काय?" त्या म्हणाल्या.

"खातच नाही, मॅडम," रुपाली म्हणाली. त्या दिवशी ती वेचणीला उशिरा गेली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून थोडी रडली.

पुढच्या आठवड्यात प्रभावतीला हात दाखवायला पंजाबराव यवतमाळला घेऊन गेले. दुपारी विमल एकटीच ओसरीवर जेवायला बसली. ताटात ज्वारीची भाकर, वरण आणि उकडलेल्या कोहळ्याच्या फोडी, नुसतं मीठ घातलेल्या, बोटाने दाबल्या तर विरघळतील अशा. धम्मरत्न समोर सतरंजीवर बसला होता. तो आता आधाराशिवाय बसायचा. तो पुढे झुकला, एक हात जमिनीवर टेकला आणि दुसऱ्या हाताने त्याने विमलच्या ताटातली कोहळ्याची लांबट फोड उचलली.

विमलचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. हिसकावून घ्यावी, तर त्याच्या तोंडाजवळ हात न्यावा लागणार. घेऊ नये, तर... बाळाने फोड मुठीत दाबली, अर्धी बोटांच्या फटींतून बाहेर आली, उरलेली त्याने तोंडात घातली. चोखली. तोंड वाकडं केलं. थोडी बाहेर आली, थोडी आत गेली. मग त्याने मूठ उघडून पाहिली आणि पुन्हा तोंडाला लावली. पंधरा मिनिटं तो त्या एका फोडीशी झटत होता. संपली तेव्हा त्याने ताटाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

विमलच्या ताटातलं अन्न गार झालं होतं. तिला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेली. दीपा मॅडम तिच्याच वयाच्या, गावात येऊन दोनच वर्षं झालेल्या. जुन्या गोष्टी त्यांना कोणी सांगितल्या नसाव्यात किंवा त्यांनी ऐकल्या नसाव्यात.

"बसतो ना नीट? मग खाऊ द्या आपल्या हातानं," त्या म्हणाल्या. "मऊ करून द्या. कोहळं, रताळं, केळं, वरणात भिजलेली भाकर. बोटाएवढी लांब फोड, म्हणजे मुठीत धरता येते. फुटाणा नाही, शेंगदाणा नाही, खोबरं नाही, काहीच टणक नाही. अन ताठ बसवून. खाटेवर निजवून नाही."

खोबरं हा शब्द ऐकून विमलने बाळाला जवळ ओढलं. मग तिने विचारलं, "अटकलं तं?"

"पहिले पहिले ठसकतात लेकरं. खोकला येत असला, आवाज येत असला, तं तो आपणच काढते. तवा बोट नाही घालायचं, विमलताई. बोटानं आत जाते. आवाजच बंद झाला, तं मग पालथं घेऊन पाठीत थापट्या. पण कोणीतरी समोर पाह्यजेच. त्याले एकटं सोडायचं नाही."

विमल बाळाला घेऊन उठली, पण दारापर्यंत जाऊन पुन्हा बसली. दीपा मॅडम रजिस्टर लिहीत होत्या. बोटानं आत जाते... हे सांगणारं सव्वीस वर्षांपूर्वी कोणी नव्हतं. मग बाळाला उचलून ती घरी आली.

घरी तिने रताळं उकडलं, सोललं, बोटाएवढ्या फोडी केल्या आणि ताटली सतरंजीवर ठेवली. प्रभावती खाटेवरून पाहत होती.

"काय करून राह्यली तू?"

"मी भरवत नाही, वहिनी. माहे हात पाहा," विमल म्हणाली आणि तिने हात पदराखाली घेतले. "तोच खाते."

प्रभावती खाटेवरून उठली. पण तोवर धम्मरत्नने फोड तोंडात घातली होती, आणि तिला आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड अन्नासाठी उघडं दिसत होतं. ती उभीच राहिली. नातवाच्या हनुवटीवरून पिवळसर लगदा ओघळत होता. त्याच्या कपाळाला रताळं, केसांना रताळं.

"दोन हात लांब बस त्याच्यापासून," प्रभावती म्हणाली. "मी समोर असल्याबिगर द्यायचं नाही."

"बरं," विमल म्हणाली.

तशी रीत पडली. दुपारी जेवणाच्या वेळी बाळाला भिंतीशी बसवायचं, समोर ताटली. एका बाजूला खाटेवर आजी, दुसऱ्या बाजूला दोन हात अंतरावर विमल. पहिल्या दिवसांत पोटात जायचं त्याहून जास्त सतरंजीवर जायचं. कोंबड्या ओसरीच्या पायरीपर्यंत येऊन थांबायच्या. मग त्याला जमू लागलं. भाताचं ढेकूळ तो मुठीत धरून तळहात चाटायचा. केळं त्याच्या हातून निसटायचं म्हणून विमलने त्याची अर्धी साल ठेवायला सुरुवात केली. वरणात भिजवलेली भाकर त्याला सगळ्यात आवडायची. पोट भरलं की तो ताटली उलटी करायचा आणि मग त्याला कोणी आग्रह करायचा नाही. महिनाअखेर कार्डावरची रेघ पुन्हा वर वळली. रुपालीने ते कार्ड विमलला दाखवलं. "आत्याबाई, हे तुमच्यानं झालं," ती हळूच म्हणाली. विमलने कार्ड बघितलं नाही, नुसतं हातात धरून परत दिलं. कौतुक कसं घ्यायचं ते ती विसरली होती.

सहा डिसेंबरला बौद्धवाड्यातलं कोणीही कामावर गेलं नाही. सकाळी सगळे विहारात जाऊन वंदना करून आले. अश्वजितला सुटी मिळाली नव्हती. दुपारी पंजाबराव ओसरीवर टेकून बसले होते, रुपाली भांडी घासत होती, आणि बाळाच्या समोर विमलने रताळं ठेवलं होतं. त्याने त्या दिवशी मोठा घास चावला. चावला आणि त्याचा चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं, जीभ बाहेर आली, आणि तो खाकरू लागला.

प्रभावतीच्या तोंडून किंकाळी फुटली. ती खाटेवरून उतरली, गळ्यातला प्लास्टरचा हात भिंतीवर आदळला ते तिला कळलंही नाही, आणि डाव्या हाताचं बोट पुढे करून ती बाळावर झुकली. विमल दोन हातांचं अंतर ओलांडून आली. तिने बाळाला हात लावला नाही. तिने वहिनीचं मनगट धरलं.

"सोड मले."

"बोट नका घालू, वहिनी. आवाज येऊन राह्यला. तो काढते."

"सोड, विमल."

"नाही सोडत."

बाळ खोकलं, पुन्हा खोकलं, आणि रताळ्याचा चोथा त्याच्या छातीवर पडला. ते मोठ्याने रडलं. रुपालीने धावत येऊन त्याला उचललं. आईच्या खांद्यावर घटकाभर हुंदके देऊन झाल्यावर तो खाली वाकला आणि ताटलीतल्या दुसऱ्या फोडीकडे हात करू लागला.

विमलने वहिनीचं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

प्रभावती विमलकडे न पाहता म्हणाली, "एक खाल्लं तुनं. आता हे दुसरं."

रुपालीच म्हणाली, "आई, आत्याबाईनं काही केलं नाही. मी पाहून राह्यली होती." पंजाबराव आयुष्यात फार कमी बोलणारे. ते उठले, चपला घालून अंगणात गेले, परत आले.

"विमल," ते म्हणाले, "काही दिवस मारेगावले मावशीकडं जाऊन ये."

ते इतक्या हळू, इतक्या ममतेने म्हणाले की विमलला तेच असह्य झालं. भाऊ रागावला असता, तर ती कदाचित बोलली असती. तिने दोन लुगडी, कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी आणि चष्मा थैलीत भरला. निघताना तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रभावती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

मारेगावची मावशी म्हातारी, एकटी, बहिरी. तिच्याकडे प्रश्न नव्हते. विमल दुसऱ्याच दिवसापासून तिथल्या बायकांबरोबर वेचणीला जाऊ लागली. तिला वेगळंच वाटत होतं. मोडलेलं ते जुनं स्थळ याच गावचं, पण या बायकांपैकी तिला कोणी ओळखत नव्हतं. दुपारी बायका धुऱ्यावर जेवायला बसल्या की एकीचं रांगतं मूल कोणाच्याही मांडीवर जाऊन बसायचं, एकदा ते विमलच्या मांडीवर आलं आणि त्याची आई सहज म्हणाली, "बाई, याले एक घास द्या ना, मी हात धुऊन येतो." विमलने भाकरी हातात घेतली... आणि मग तिने तो तुकडा मुलाच्या हातात दिला. मूल खात राहिलं. आकाश कोसळलं नाही. ती दुपारभर सरीतून वाकून चालत राहिली आणि तिला समोरची बोंडं धूसर दिसत राहिली.

अकराव्या दिवशी प्रभावती आली. यवतमाळला गाडी बदलून, एकटी, गळ्यात प्लास्टरचा हात घेऊन. मावशीने शेताचा रस्ता दाखवला. विमलने मान वर केली तेव्हा ती धुऱ्यावर उभी होती, पायांवर धूळ चढलेली.

विमल जवळ गेली. पहिला प्रश्न तिने बाळाचा केला.

"बरा आहे," प्रभावती म्हणाली. "आपल्या हातानं खाते. मीच बसतो समोर. दोन हात लांब."

दोघी धुऱ्यावर बसल्या. मग प्रभावती म्हणाली, "विमल, ते खोबरं मी देलं होतं."

"मले माहीत आहे, वहिनी."

"तुले माहीत आहे, ते मले माहीत होतं."

विमलने तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत तिने खूप काही कल्पिलं होतं, पण हे कधीच नव्हतं कल्पिलं. तिला वाटायचं, वहिनी घाईत होती, काय दिलं ते तिच्या ध्यानातच राहिलं नाही. आपण तिला त्या आठवणीपासून वाचवलं. त्या एका समजुतीवर तिने अख्खा जन्म काढला होता.

"कवापासून?" तिने विचारलं.

"पहिल्या घडीपासून. वावरातून पळत येतानाच मले समजलं होतं. लेकरू रडत होतं म्हणून हातात तुकडा देऊन मी गेलती. दारात बसली अन इचारत राह्यली, कोणं देलं, कोणं देलं... कोणीतरी माहं नाव घ्यावं म्हणून इचारत होती का घेऊ नये म्हणून, मले नाही सांगता येत. अन तू म्हटलं, मी देलं." प्रभावतीचा आवाज सपाट होता, जणू ती दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत होती. "माहं लेकरू समोर पडलं होतं, विमल, अन मले हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मले अजून लाज वाटते. तुहं तोंड दिसलं का तेच आठवे. मग तुले दूर ठेवलं, लेकरायले घास भरवू देला नाही. तू गुन्हेगार राह्यली नाही, तं मीच गुन्हेगार ठरत होती. त्या दिवशी तू माहा हात धरला, तवा बाळ वाचलं. अन तरी माह्या तोंडून तेच निघालं. मग मले समजलं, का मी मरेपर्यंत हेच करत राहीन."

विमलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशासाठी होतं ते तिलाच उमगत नव्हतं... मोडलेल्या स्थळासाठी, न बोलता गेलेल्या आईसाठी, की समोरच्या या म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईसाठी.

"दादाले सांगतलं?"

"परवा सांगतलं. रुपालीसमोर. अश्वजितले फोन लावून त्यालेही सांगतलं. तुहे दादा दोन दिवस जेवले नाहीत. मग मले म्हणाले, मारेगावच्या त्या पोराच्या घरी मी गेलतो, त्यायनं इचारलं तुमच्या बहिणीच्या हातून लेकरू गेलं म्हणतात ते खरं का, अन मी मान खाली घालून उठून आलतो. एवढंच म्हणाले. आज मले बाभुळगावच्या स्टँडवर सोडाले आले, पण गाडीत नाही बसले. म्हणाले, तिले तोंड कसं दाखवू."

विमलने पदराने डोळे पुसले. मग जी गोष्ट तिने कोणालाच कधी सांगितली नव्हती, ती सांगितली.

"वहिनी, माहं बोटही होतं. मी बोट घातलं अन तुकडा आत गेला. कदाचित बोट नसतं घातलं, तं..."

प्रभावती तिच्याकडे पाहत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. "म्हणून तू कधी बोलली नाही?"

"म्हणूनही."

"सतरा वर्षांची होती तू," प्रभावती म्हणाली.

"तुम्ही वीसच्या होत्या."

त्यानंतर दोघींनी एकमेकींना धरलं नाही, की पाया पडणं झालं नाही. प्रभावतीने चांगल्या हाताने विमलच्या ओटीतला कापूस थोडा थोडा काढून त्यातला पाला वेचून टाकायला सुरुवात केली आणि विमल तिच्या शेजारी बसून राहिली. हळूहळू प्रभावतीचा धीर सुटला आणि ती रडली. सुमेध गेला त्या दिवशी जे रडणं राहून गेलं होतं तेच बहुधा. विमलने तिला रडू दिलं.

"चाल घरी," शेवटी प्रभावती म्हणाली.

"आत्ताच नाही, वहिनी."

"रागावली?"

विमलने विचार केला. "राग आहे. नाही म्हणत नाही. पण त्याच्यासाठी थांबत नाही. त्या घरात मी सतरा वर्षांची होती तवापासून माफी मागत राह्यली. इथं मले कोणी ओळखत नाही. हा सीझन मले इथंच काढू द्या. मग माही मी येईन."

प्रभावतीने हट्ट धरला नाही. रात्र मावशीकडे काढून ती सकाळच्या गाडीने एकटीच परत गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी वेचणी संपली. विमलने निरोप पाठवला नव्हता, तरी ती निघायच्या दिवशी पंजाबराव मावशीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मावशीला त्यांची हाक ऐकू आली नसणार. त्यांनी बहिणीची थैली उचलली. गाडीत ते खिडकीकडे बसले. करंजी गेली, पांढरकवड्याचा फाटा गेला, तरी बोलले नाहीत. यवतमाळ जवळ आल्यावर म्हणाले, "मी एकदाही इचारलं नाही तुले, विमल. एकदा इचारलं असतं."

"इचारलं असतं तं मी खोटंच सांगतलं असतं, दादा," ती म्हणाली. "तवा तरी." पंजाबरावांनी मान हलवली आणि उपरण्याने चेहरा झाकून घेतला.

घरी पोचायला दुपार झाली. पुढच्या खोलीतला कापूस विकला गेला होता. भिंती नव्याने सारवल्या होत्या. अश्वजित दोन दिवसांच्या सुटीवर आला होता. तो दारात आत्याच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. विमलने त्याला खांद्याला धरून उभं केलं. प्रभावतीचं प्लास्टर निघालं होतं, मनगट थोडं वाकडं राहिलं होतं. तिने स्वतः ताटं वाढली आणि विमलचं ताट आपल्या शेजारी ठेवलं.

सगळे जेवायला बसले. धम्मरत्न आता भिंत धरून उभा राहायचा. जवळपास तीन महिन्यांत तो विमलला ओळखेनासा झाला असेल, असं तिला वाटत होतं. तो भाकरीचा वरणात बुडवलेला तुकडा मुठीत घेऊन तिच्यापर्यंत आला, तिच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, थोडा वेळ तिच्या चष्म्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने तो तुकडा तिच्या तोंडाला लावला. वरण तिच्या हनुवटीवरून ओघळलं.

"आत्याबाई, उष्टं आहे ते," रुपाली म्हणाली. "कवाचा चोखून राह्यला."

"असू दे," विमल म्हणाली आणि घास चावत राहिली.